उधळ्या पुत्राचा दृष्टांत

उधळ्या पुत्राचा दृष्टांत हा येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या दृष्टांतांपैकी एक असून तो बायबलच्या नव्या करारातील लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात (वचने ११ ते ३२) आला आहे. हरवलेल्या मुलाचा दृष्टांत या नावानेही तो ओळखला जातो. आपल्या वाट्याची मालमत्ता घेऊन घर सोडणारा, ती उधळून दारिद्र्यात पडणारा आणि अखेर पित्याकडे परतणारा धाकटा मुलगा, त्याला विनाअट स्वीकारणारा पिता आणि त्या स्वीकाराने रुष्ट झालेला थोरला मुलगा अशी तीन प्रमुख पात्रे त्यात आहेत. मत्तय, मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत हा दृष्टांत नाही.

पश्चात्ताप या ख्रिस्ती संकल्पनेच्या विवेचनात या दृष्टांताचा आधार सर्वाधिक घेतला जातो. पश्चात्ताप म्हणजे केवळ केलेल्या पापाबद्दलचे दुःख नसून आपण कोणाचे आहोत याची माणसाला पुन्हा होणारी ओळख होय, हा विचार प्रामुख्याने या कथेच्या आधारे मांडला गेला आहे.

नाव

'उधळ्या पुत्र' हे शब्द मूळ ग्रीक संहितेत नाहीत. शुभवर्तमानांच्या मूळ संहितेत शीर्षके नव्हती. ती नंतरच्या काळात वाचकांच्या व उपासनेच्या सोयीसाठी घालण्यात आली. लॅटिन परंपरेत मुलासाठी 'उधळा' या अर्थाचे विशेषण रूढ झाले व तेथून ते अनेक युरोपीय भाषांत आणि पुढे भारतीय भाषांत आले. जर्मन भाषेत मात्र 'हरवलेला मुलगा' हे नाव प्रचलित आहे.

दोन्ही नावे धाकट्या मुलालाच मध्यवर्ती मानतात, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे. कथेची सुरुवात दोन मुलांच्या पित्यापासून होते आणि शेवटचे बोलणेही पित्याचेच आहे. म्हणून जर्मन धर्मपंडित योआखिम येरेमियास यांनी या कथेला 'पित्याच्या प्रेमाचा दृष्टांत' म्हणणे अधिक योग्य ठरेल असे सुचविले. 'दोन पुत्रांचा दृष्टांत' हे नावही काही ठिकाणी वापरले जाते.

कथानक

एका मनुष्याला दोन मुलगे असतात. धाकटा मुलगा आपल्या वाट्याची मालमत्ता मागतो व पिता दोघांमध्ये वाटणी करून देतो. थोड्याच दिवसांत धाकटा सर्व गोळा करून दूर देशी जातो आणि उधळेपणाने राहून सर्व संपवून टाकतो. त्या देशात मोठा दुष्काळ पडतो. अन्नाला मोताद झालेला मुलगा तेथील एका रहिवाशाचा आश्रय घेतो. तो रहिवासी त्याला डुकरे चारायला शेतात पाठवितो. डुकरे ज्या शेंगा खातात त्यांनी तरी पोट भरावे असे त्याला वाटते. पण त्याला कोणी काही देत नाही.

तेव्हा तो भानावर येतो. आपल्या पित्याच्या घरी मोलकऱ्यांनाही पोटभर अन्न मिळते आणि आपण येथे उपाशी मरत आहोत हे त्याच्या ध्यानात येते. पित्याकडे जाऊन काय बोलायचे ते तो मनाशी ठरवितो. त्याच्या बोलण्याचे तीन भाग आहेत: आपण देवाविरुद्ध व पित्यासमोर पाप केले आहे, आपण यापुढे मुलगा म्हणवून घेण्यास लायक नाही, आपल्याला एखाद्या मोलकऱ्यासारखे ठेवून घ्यावे.

तो दूर असतानाच पिता त्याला पाहतो, कळवळतो, धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो व त्याचे मुके घेतो. मुलगा ठरविलेले बोलणे सुरू करतो. परंतु मोलकरी म्हणून ठेवण्याची विनंती त्याच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच पिता दासांना आज्ञा देऊ लागतो. उत्तम झगा, बोटात अंगठी आणि पायांत पादत्राणे घालून मुलाला घरात घेतले जाते. पुष्ट वासरू कापून मेजवानी होते.

थोरला मुलगा शेतातून परततो तेव्हा त्याला गाण्याबजावण्याचा आवाज ऐकू येतो. एका चाकराकडून कारण कळल्यावर तो रागावून घरात जाण्याचे नाकारतो. पिता बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. आपण इतकी वर्षे राबलो, कधी आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांबरोबर आनंद करायला आपल्याला करडूसुद्धा मिळाले नाही, अशी त्याची तक्रार असते. आपले जे काही आहे ते सर्व त्याचेच आहे, असे पिता त्याला सांगतो. मेलेला भाऊ जिवंत झाला, हरवलेला सापडला, म्हणून आनंद करणे आवश्यक होते, असेही म्हणतो. थोरला मुलगा घरात गेला की नाही हे कथेत सांगितलेले नाही.

संदर्भ व रचना

१५व्या अध्यायाच्या आरंभी जकातदार व पापी गणले गेलेले लोक येशूचे ऐकण्यासाठी जवळ येतात आणि येशू अशांचा स्वीकार करून त्यांच्या पंक्तीला जेवतो म्हणून परूशी व शास्त्री कुरकुर करतात. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू तीन दृष्टांत सांगतो. पहिल्यात शंभर मेंढरांतील एक हरवते, दुसऱ्यात दहा नाण्यांतील एक हरवते आणि तिसऱ्यात दोन मुलांतील एक हरवतो. तिन्हींमध्ये हरवलेले सापडते आणि आनंद साजरा होतो.

पहिल्या दोन दृष्टांतांच्या शेवटी पश्चात्ताप करणाऱ्या पाप्याविषयी स्वर्गात आनंद होतो असे विधान आहे. तिसऱ्या दृष्टांतात मात्र 'पश्चात्ताप' हा शब्द एकदाही येत नाही. मेंढरू व नाणे यांना शोधले जाते. मुलाला शोधायला कोणी जात नाही, तो स्वतः चालत येतो. त्यामुळे पश्चात्ताप हा माणसाचा निर्णय आहे की देवाच्या शोधाचा परिणाम आहे, या जुन्या धर्मशास्त्रीय प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना या एकाच अध्यायात आधार सापडतो.

सामाजिक व कायदेशीर पार्श्वभूमी

अनुवाद या ग्रंथातील नियमानुसार (अध्याय २१, वचन १७) ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा मिळे. दोन मुलगे असल्यास थोरल्याचे दोन तृतीयांश आणि धाकट्याचा एक तृतीयांश असा हिशेब होतो. पिता हयात असताना वाटणी करणे अशक्य नव्हते, परंतु ते शहाणपणाचे मानले जात नसे. सिराख या ग्रंथाच्या ३३व्या अध्यायात जिवंतपणी मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देऊ नये असा स्पष्ट उपदेश आहे. कथेतील पिता दोघांनाही वाटे देतो, म्हणजे थोरल्यालाही त्याचा वाटा तेव्हाच मिळालेला असतो. शेवटी पिता थोरल्याला जे उत्तर देतो त्याचा अर्थ या तपशिलामुळे स्पष्ट होतो.

डुक्कर हा मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध प्राणी आहे. यहुदी तरुणाने परक्या देशात डुकरे चारणे हे केवळ दारिद्र्य नव्हे, तर आपल्या समाजापासून व धर्मापासून पूर्णपणे तुटल्याचे लक्षण होते. डुकरांच्या शेंगा म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या कॅरोब वृक्षाच्या शेंगा होत. त्यांना ग्रीकमध्ये त्यांच्या वाकड्या आकारावरून 'लहान शिंगे' या अर्थाचे नाव आहे. इस्राएल लोकांवर या शेंगा खाण्याची वेळ येते तेव्हा ते देवाकडे वळतात, अशा आशयाचे एक वचन यहुदी रब्बींच्या वाङ्मयातही आढळते.

झगा, अंगठी व पादत्राणे या तीन वस्तूंना प्रतीकात्मक अर्थ आहे. उत्तम झगा हा सन्माननीय व्यक्तीचा पोशाख आहे, अंगठी घराण्यातील अधिकार सुचविते आणि दास सामान्यतः अनवाणी असत म्हणून पादत्राणे मुलाचे स्वातंत्र्य दर्शवितात. मुलगा मोलकऱ्याची जागा मागायला आलेला असताना पिता त्याच्या अंगावर पुत्रत्वाच्या खुणा चढवितो. मध्यपूर्वेत दीर्घकाळ अध्यापन केलेले केनेथ बेली यांनी 'पोएट अँड पेझंट' (१९७६) या ग्रंथात तेथील खेड्यांतील चालीरीतींच्या आधारे या दृष्टांताचे विवेचन केले. वयोवृद्ध कुटुंबप्रमुखाने रस्त्यातून धावणे त्या समाजात अप्रतिष्ठेचे होते. मुलाच्या वाट्याला येणारी लाज पिता स्वतःवर घेतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

पश्चात्ताप : शब्दविचार

मराठीतील 'पश्चात्ताप' हा शब्द 'पश्चात्' आणि 'ताप' यांपासून बनला आहे. कृत्य घडून गेल्यावर मागाहून होणारी होरपळ असा त्याचा अर्थ होतो. संतवाङ्मयातील 'अनुताप' हा शब्दही याच अर्थछटेचा आहे. 'प्रायश्चित्त' या शब्दात पापक्षालनासाठी करावयाच्या कृत्यावर भर आहे.

बायबलच्या मूळ भाषांतील शब्दांचा भर वेगळा आहे. जुन्या करारात या संदर्भात येणारे हिब्रू क्रियापद 'शूव' हे असून त्याचा साधा अर्थ 'मागे फिरणे' किंवा 'परत येणे' असा आहे. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत इस्राएलाला परत येण्याचे आवाहन वारंवार याच शब्दाने केलेले आहे. त्यावरून बनलेला 'तेशुवा' हा शब्द यहुदी धर्मात पश्चात्तापासाठी रूढ आहे. नव्या करारातील ग्रीक शब्द 'मेटानोइया' याचा अर्थ 'मन बदलणे' किंवा 'विचाराची दिशा पालटणे' असा होतो. लॅटिन भाषांतरात त्यासाठी जो शब्द आला त्याला कालांतराने 'प्रायश्चित्त करणे' असा आचारप्रधान अर्थ चिकटला.

या तीन अर्थछटा, म्हणजे होरपळ, वळणे आणि मनाचा पालट, दृष्टांतात एकत्र आढळतात. परंतु कथेच्या केंद्रस्थानी परत येणे हेच आहे. मुलाच्या अश्रूंचा उल्लेख कथेत नाही. तो उठतो आणि पित्याकडे जातो, एवढेच सांगितले आहे.

भानावर येणे आणि पुत्रत्वाची ओळख

मुलाच्या मनातील पालट सांगण्यासाठी लूकने जो ग्रीक वाक्प्रचार योजला आहे त्याचा शब्दशः अर्थ 'स्वतःकडे येणे' असा आहे. मराठीतील 'भानावर येणे' किंवा 'शुद्धीवर येणे' हे वाक्प्रचार त्याच्या जवळचे आहेत. मुलगा पित्याकडे येण्यापूर्वी स्वतःकडे येतो, या क्रमाला ख्रिस्ती भाष्यकारांनी मोठे महत्त्व दिले आहे. पाप म्हणजे स्वतःपासून दूर जाणे आणि पश्चात्ताप म्हणजे आपल्या खऱ्या स्वरूपाकडे परतणे, असा अर्थ त्यांनी यातून काढला.

मालमत्तेसाठी या कथेत (वचने १२ व १३) येणारा 'उसिया' हा ग्रीक शब्दही या दृष्टीने लक्षणीय आहे. व्यवहारात त्याचा अर्थ 'चीजवस्तू, धनसंपदा' असा होत असे, तर तत्त्वज्ञानात तोच शब्द 'अस्तित्व' किंवा 'सत्त्व' या अर्थाने वापरला जाई. नव्या करारात हा शब्द फक्त याच दोन ठिकाणी आढळतो. लूकला येथे व्यवहारातील अर्थच अभिप्रेत आहे. तथापि फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-लूक मारियों यांनी या द्व्यर्थाच्या आधारे असे विवेचन केले की, पित्याकडून देणगी म्हणून मिळणारे अस्तित्व स्वतःच्या ताब्यातील मालमत्ता म्हणून मागणे हेच मुलाच्या अधःपाताचे मूळ आहे.

मात्र स्वतःकडे आल्यावरही मुलाला स्वतःची ओळख पूर्णपणे सापडलेली नसते. आपण पुत्र म्हणवून घेण्याची लायकी गमावली आहे हे त्याचे अनुमान असते आणि त्यावर त्याने मोलकऱ्याच्या नोकरीचा तोडगा काढलेला असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० नोव्हेंबर १९८० रोजीच्या 'दीवेस इन मिसेरिकॉर्दिया' या परिपत्रात याच मुद्द्याचे विस्ताराने विवेचन केले आहे. मुलाने मालमत्तेबरोबर पित्याच्या घरातील पुत्राची प्रतिष्ठाही उधळली, ही जाणीव त्याला भुकेच्या पोटी होते. पण पुत्रत्व हे मुलाच्या वर्तनावर नव्हे, तर पित्याच्या पितृत्वावर टिकून असते आणि पिता आपल्या पितृत्वाशी एकनिष्ठ राहतो, असा त्याचा आशय आहे.

पित्याच्या कळवळ्यासाठी येणारे ग्रीक क्रियापद 'आतडी' या अर्थाच्या शब्दापासून बनलेले आहे. मराठीत 'आतडे तुटणे' म्हणतात तोच भाव त्यात आहे. लूकच्या शुभवर्तमानात हे क्रियापद नाईन गावच्या विधवेला पाहून येशूला आलेल्या कळवळ्यासाठी आणि चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतातही वापरले आहे. कथेत पित्याचा कळवळा आधी आणि मुलाची कबुली नंतर येते.

वचन २१ मधील मुलाच्या प्रत्यक्ष बोलण्याबाबत हस्तलिखितांत भेद आहे. कोडेक्स सिनाइटिकस, कोडेक्स व्हॅटिकानस व कोडेक्स बेझे यांत मोलकरी म्हणून ठेवण्याची विनंतीही येथे पुन्हा आढळते. अन्य बहुसंख्य हस्तलिखितांत ती नाही. वचन १९ शी मेळ घालण्यासाठी ती नंतर घातली गेली असावी, असे बहुतेक संहिता-अभ्यासक मानतात.

थोरला भाऊ

दृष्टांताचा उत्तरार्ध थोरल्या भावासंबंधी आहे. तो घर सोडून कधीच गेलेला नाही. तरी आपल्या सेवेचे वर्णन करताना तो दासाच्या राबण्यासाठी असलेले ग्रीक क्रियापद वापरतो. धाकटा परतताना मोलकरी होऊ पाहतो आणि थोरला घरातच राहून स्वतःला दास समजतो. या अर्थाने दोघेही पुत्रत्व विसरले आहेत, एक दूर देशी आणि दुसरा घरच्या शेतात, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे.

नात्याच्या उल्लेखांतूनही हा भेद दिसतो. चाकर थोरल्याला 'तुझा भाऊ' आल्याचे सांगतो. थोरला पित्याशी बोलताना त्याला भाऊ न म्हणता 'तुझा हा मुलगा' म्हणतो. पिता उत्तरात 'तुझा हा भाऊ' असे म्हणून ते नाते पुन्हा जोडून देतो आणि थोरल्यालाही 'बाळा' या अर्थाच्या जिव्हाळ्याच्या शब्दाने हाक मारतो. धाकट्याला भेटायला पिता घराबाहेर येतो, तसाच थोरल्याची समजूत घालण्यासाठीही येतो.

कथा येथेच थांबते. कुरकुर करणाऱ्या श्रोत्यांनी आपला निर्णय स्वतः करावा म्हणून शेवट मोकळा ठेवला आहे, असे सामान्यतः मानले जाते.

अर्थविवेचनाचा इतिहास

प्रारंभीची मंडळी

पहिल्या शतकांत या दृष्टांताचा अर्थ हा केवळ पांडित्याचा विषय नव्हता. बाप्तिस्मा घेतल्यानंतर गंभीर पाप केलेल्या, किंवा छळाच्या काळात श्रद्धा नाकारलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला मंडळीत परत घ्यावे की नाही, असा बिकट प्रश्न तेव्हा उभा होता. उत्तर आफ्रिकेतील लेखक टर्टुलियन याने 'पश्चात्तापाविषयी' या आपल्या आधीच्या ग्रंथात पापी व्यक्तीला धीर देण्यासाठी हाच दृष्टांत वापरला. पुढे कठोर आचाराच्या मोंटानस पंथाकडे वळल्यानंतर 'शालीनतेविषयी' या ग्रंथात त्याने हा अर्थ नाकारला. धाकटा मुलगा म्हणजे पतित ख्रिस्ती नव्हे, तर ख्रिस्ताकडे प्रथमच येणारा परधर्मीय होय, असे त्याने प्रतिपादन केले. कारण तो पतित ख्रिस्ती मानला, तर कोणत्याही पापानंतर परतण्याचे दार उघडे राहते.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये नोव्हेशियन याच्या अनुयायांनी छळात माघार घेतलेल्यांना पुन्हा स्वीकारण्यास विरोध केला. चौथ्या शतकात मिलानचा बिशप आंब्रोझ याने त्यांच्या मताचे खंडन करताना उधळ्या पुत्राचा दाखला दिला. जेरोमने पोप डमासस याला लिहिलेल्या पत्रात या दृष्टांताचे सविस्तर विवरण केले आहे. अखेरीस परतणाऱ्याला स्वीकारण्याचे मतच मंडळीत मान्य झाले.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्या 'कन्फेशन्स' (सुमारे ३९७ ते ४००) या आत्मकथनपर ग्रंथात हा दृष्टांत पुनःपुन्हा डोकावतो. ऑगस्टीनच्या मते दूर देश हा पावलांनी किंवा मैलांनी मोजण्याचा नाही. देवापासूनचे अंतर मनाच्या ओढीने वाढते वा घटते. माणूस बाहेरच्या वस्तूंत स्वतःला हरवून बसतो आणि देवाकडे वळण्यासाठी त्याला आधी आत वळावे लागते, हा त्याच्या ग्रंथाचा एक प्रमुख विचार आहे.

ऑगस्टीनसह अनेक प्राचीन भाष्यकारांनी थोरला मुलगा म्हणजे यहुदी लोक आणि धाकटा म्हणजे परराष्ट्रीय, असे रूपकही मांडले. त्या रूपकाचा पुढे यहुदी समाजाविषयी तुच्छता पसरविण्यास हातभार लागला. विसाव्या शतकात हा अर्थ मोठ्या प्रमाणावर मागे पडला.

धर्मसुधारणेचा काळ

इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार प्रसिद्ध केल्यानंतर 'मेटानोइया'च्या मूळ अर्थाची चर्चा युरोपात जोर धरू लागली. मार्टिन ल्यूथरच्या १५१७ मधील ९५ प्रमेयांपैकी पहिले प्रमेय पश्चात्तापाविषयीच आहे. ख्रिस्ती माणसाचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे, असा त्याचा आशय आहे. बुर्कार्ड वाल्डिस याने १५२७ मध्ये रीगा येथे या दृष्टांतावर नाटक सादर केले. त्यात धाकटा मुलगा केवळ कृपेवर विसंबणाऱ्याचे आणि थोरला स्वतःच्या पुण्यकर्मांवर विसंबणाऱ्याचे प्रतीक आहे.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये प्रायश्चित्त संस्काराविषयीची कॅथोलिक भूमिका निश्चित केली. देवावरील प्रेमातून उपजलेला तो पूर्ण पश्चात्ताप आणि पापाची किळस किंवा शिक्षेचे भय यांतून उपजलेला तो अपूर्ण पश्चात्ताप, असा भेद तिने केला. अपूर्ण पश्चात्तापही देवाचीच देणगी असून तो माणसाला संस्काराद्वारे क्षमा मिळविण्यास सिद्ध करतो, असे परिषदेने म्हटले.

आधुनिक विवेचन

भुकेने व्याकूळ होऊन परतलेल्या मुलाचा पश्चात्ताप खरा म्हणावा का, यावर आधुनिक अभ्यासकांत एकमत नाही. पारंपरिक मतानुसार त्याची कबुली प्रांजळ आहे. बेली यांच्या मते दूर देशात त्याला सुचलेला उपाय हा स्वतःच्या कमाईने पत सावरण्याचा बेत होता. खरा पालट पित्याने त्याला मिठीत घेतल्यावर घडतो. यहुदी अभ्यासक एमी-जिल लेव्हिन यांनी 'शॉर्ट स्टोरीज बाय जीझस' (२०१४) या ग्रंथात मुलाच्या हेतूविषयी शंका घेतली असून, ही कथा मुळात पश्चात्तापाची नसून हरवलेल्याची मोजदाद करून कुटुंब पूर्ण करण्याची आहे, असे मत मांडले आहे. पित्याने हरवलेल्या धाकट्याची दखल घेतली. पण आनंदाच्या भरात थोरल्याला बोलावण्याचे राहून गेले, याकडेही त्या लक्ष वेधतात.

डच कॅथोलिक धर्मगुरू व लेखक हेन्री नॉवेन (१९३२–१९९६) यांचे 'द रिटर्न ऑफ द प्रॉडिगल सन' (१९९२) हे पुस्तक रेम्ब्राँ याच्या चित्राच्या चिंतनातून लिहिले गेले. वाचकाने आधी धाकट्यात, मग थोरल्यात स्वतःला ओळखावे आणि शेवटी पित्यासारखे होण्याकडे वळावे, असा त्याचा क्रम आहे. यश, लोकांचे मत किंवा अपयश यांवरून स्वतःची ओळख ठरविणे म्हणजेच घर सोडणे, असे नॉवेन यांचे प्रतिपादन आहे.

उपासनेतील स्थान

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत महाउपवासकाळाच्या पूर्वतयारीतील एक रविवार 'उधळ्या पुत्राचा रविवार' म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या प्रातःकालीन उपासनेत बाबेल येथील बंदिवासाचे स्तोत्र गायिले जाते. स्वदेशापासून दूर असलेल्या बंदिवानांचा आक्रोश आणि दूर देशातील मुलाची अवस्था यांची सांगड त्यातून घातली जाते.

कॅथोलिक मंडळीच्या त्रैवार्षिक वाचनक्रमात तिसऱ्या वर्षी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी हा दृष्टांत वाचला जातो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १४३९) मनःपरिवर्तनाची प्रक्रिया याच कथेच्या टप्प्यांनी समजावून दिली आहे. पोप फ्रान्सिस यांनी जाहीर केलेल्या 'दयेच्या वर्षा'च्या (८ डिसेंबर २०१५ ते २० नोव्हेंबर २०१६) घोषणापत्रातही लूकच्या १५व्या अध्यायातील दृष्टांतांचा उल्लेख आहे.

सद्धर्मपुंडरीक सूत्रातील कथेशी तुलना

महायान बौद्ध परंपरेतील सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चौथ्या अध्यायात घर सोडून गेलेल्या मुलाची एक कथा आहे. कुमारजीव याने इ.स. ४०६ मध्ये या सूत्राचे चिनी भाषांतर केले. या कथेतील मुलगा लहानपणी घर सोडतो आणि दीर्घकाळ दारिद्र्यात भटकतो. पिता दरम्यान श्रीमंत झालेला असतो. अखेर मुलगा त्याच्या दारी येतो, पण पित्याला ओळखत नाही. त्याचे वैभव पाहून घाबरून पळतो. पिता त्याला एकदम सत्य न सांगता मलमूत्र साफ करण्याच्या कामावर मजुरीने ठेवतो, वीस वर्षांत हळूहळू जबाबदारी वाढवितो आणि मृत्युसमयी तो आपला मुलगा व वारस असल्याचे जाहीर करतो.

दोन्ही कथांत मजुरी आणि पुत्रत्व यांतील भेद निर्णायक आहे. सूत्रातील मुलाला आपण पुत्र आहोत हे पेलण्याची तयारी होईपर्यंत मजूर राहावे लागते. लूकच्या कथेतील मुलगा मजूर होऊ इच्छितो आणि पिता ते होऊ देत नाही. पहिल्या कथेत अज्ञानाचा क्रमशः निरास आहे, तर दुसरीत तुटलेल्या नात्याचा तत्काळ स्वीकार आहे. सूत्रातील कथेत पाप वा क्षमा यांचा प्रश्न येत नाही.

भारतीय भाषा सर्वेक्षण आणि मराठी

भारतीय भाषांच्या अभ्यासात या दृष्टांताला एक वेगळेच स्थान मिळाले. जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन (१८५१–१९४१) यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया' या प्रकल्पात प्रत्येक भाषेचे व बोलीचे नमुने गोळा करताना पहिला नमुना म्हणून याच कथेचे स्थानिक भाषांतर मागविण्यात आले. तिन्ही पुरुषांची सर्वनामे, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ या एका छोट्या कथेत येतात, हे तिच्या निवडीचे कारण होते. भारतीय समाजाच्या भावना दुखावू नयेत म्हणून शब्दांत किरकोळ बदल करण्यात आले. अशा प्रकारे कथेच्या नमुन्यावरून बोलींची तुलना करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्येही वापरली गेली होती.

सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीला वाहिलेला असून तो १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे काम नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ स्टेन कोनो यांनी केले. प्रमाण मराठीबरोबरच कोकणातील बोली, कोंकणी, वऱ्हाडी, नागपुरी, हळबी इत्यादींचे नमुने या खंडात आहेत. त्यामुळे बापाकडे वाटणी मागणाऱ्या मुलाची ही कथा शतकापूर्वीच्या अनेक मराठी बोलींचा तौलनिक दस्तऐवज बनली आहे.

मराठीत हा दृष्टांत बायबलच्या भाषांतरांतून आला. श्रीरामपूर येथील विल्यम केरी यांच्या मिशनने १८११ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगाव येथील मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले.

कला व साहित्यात

पाश्चात्य चित्रकलेत हा दृष्टांत अत्यंत लोकप्रिय ठरला. आल्ब्रेख्त ड्यूररच्या सुमारे १४९६ मधील ताम्रपटावरील कोरीवचित्रात मुलगा डुकरांच्या कळपात गुडघे टेकून बसलेला दिसतो. रेम्ब्राँने सुमारे १६३५ मध्ये मद्यगृहातील उधळ्या पुत्राच्या रूपात स्वतःला रंगविले. आयुष्याच्या अखेरीस, सुमारे १६६८ मध्ये, त्याने 'उधळ्या पुत्राचे पुनरागमन' हे भव्य चित्र काढले. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातील या चित्रात फाटक्या पादत्राणांतील मुलगा पित्यापुढे गुडघे टेकून आहे, त्याचा चेहरा जवळजवळ झाकलेला आहे आणि पित्याचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत.

संगीतात क्लोद दब्युसीची १८८४ मधील 'प्री द रोम' पारितोषिकप्राप्त रचना, सर्गेई प्रोकोफिएव्हचे संगीत व जॉर्ज बॅलन्शीनचे नृत्यदिग्दर्शन असलेला १९२९ मधील बॅले आणि बेंजामिन ब्रिटन यांची १९६८ मधील चर्चमध्ये सादर करावयाची संगीतिका या प्रमुख कृती होत.

काही आधुनिक लेखकांनी कथेचा रोख उलटविला. आंद्रे जीद यांच्या १९०७ मधील कृतीत परतलेला मुलगा आपल्याहून लहान अशा तिसऱ्या भावाला घर सोडून जाण्यास साह्य करतो. राइनर मारिया रिल्के यांच्या १९१० मधील 'माल्टे लाउरिड्स ब्रिग्गे' या कादंबरीच्या अखेरीस ही कथा प्रेमाचे बंधन नको असलेल्या माणसाची कथा म्हणून सांगितली आहे. मूळ दृष्टांतात माणसाची खरी ओळख पित्याच्या घरी सापडते. या लेखकांना ती घराबाहेरच शोधावी लागेल असे वाटते.

हेही पहा

लूककृत शुभवर्तमान
येशूचे दृष्टांत
चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत
संत ऑगस्टीन
पंडिता रमाबाई
सद्धर्मपुंडरीक सूत्र